दोन बोटांमधला पडदा

मी पडदा बोलतोय. खिडकीला लावतात तो नाही आणि नाटकात वर जातो तोही नाही. मी पायाच्या दोन बोटांमधला पडदा आहे. अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं बोट, यांना जोडणारा कातडीचा पातळ तुकडा म्हणजे मी. तुमच्या पायात बघायला वाकू नका. तुमचा केव्हाच गेला. तुम्ही आईच्या पोटात होतात तेव्हाच गेला, आणि तुम्ही त्याचं साधं सुतकसुद्धा पाळलं नाही.

माझा मुक्काम सध्या नागपुरात, प्रताप नगरात, भैरवी नावाच्या बाईच्या पोटात आहे. म्हणजे तिच्या बाळाच्या डाव्या पायात. बाळ म्हणायचं आपलं कौतुकानं. अजून ते भिजवलेल्या राजम्याएवढं आहे आणि त्याचा पाय मोहरीएवढा. त्या मोहरीत मी. तरीही सांगतो, या घरात सध्या माझ्याइतकी चर्चा दुसऱ्या कोणाचीही नाही.

तुम्ही म्हणाल, बाळाला अजून कान फुटले नाहीत, मग तुला ऐकू कसं येतं? हा प्रश्न माझ्याही मनात आला होता. पण मला मन तरी कुठे आहे? तेव्हा ठरवलं, फार खोलात शिरायचं नाही. ऐकू येतंय ना, ऐकावं.

आधी माझ्या जन्माचं सांगतो. पाय हा सुरुवातीला पाय नसतोच. कुडीच्या बुडाशी एक कोंब फुटतो, तो वाढतो, चपटा होतो आणि त्याचा उलथण्यासारखा आकार होतो. नागपूरकडे उलथण्याला सराटा म्हणतात, तर तो सराटाच. मग त्या सराट्यात पाच रेघा उमटतात आणि रेघांच्या मधल्या जागेत आम्ही चार पडदे. आम्ही वाढलो, पसरलो, पायाला पाय म्हणण्याजोगा घेर आणला. मला वाटायचं, या पायाची खरी शोभा आपणच.

मग एक दिवस मला आतल्या मंडळींची ओळख झाली. प्रत्येक पेशीच्या पोटात जनुकांचा मोठा गोतावळा असतो. कोणी हाड कर म्हणतो, कोणी केस, कोणी कातडीचा रंग ठरवतो. त्यातच काहीजण कोपऱ्यात गप्प बसलेले असतात. त्यांच्यातल्या एकाला मी सहज विचारलं, "आपण काय करता?"

"तुम्हाला मारतो," तो म्हणाला. इतक्या सहज, जसं कोणी म्हणावं, मी पोस्टात असतो.

माझी पाचावर धारण बसली. त्यानंच मग समजूत घातली. म्हणाला, बाहेरून कोणी मारेकरी येत नाही. शेजारच्या पेशींकडून सांगावा येतो, की आता निघा. त्यानंतर तुमच्याच आत ठेवलेल्या बारीक कात्र्या चालू लागतात. पेशी आकसते, तिच्या लहान लहान पुड्या बांधल्या जातात आणि शेजारच्या पेशी त्या पुड्या खाऊन टाकतात. आरडाओरडा नाही, सूज नाही, घाण नाही. माणूस गेला की तेराव्याला शेजारी जेवायला येतात. आमच्यातही येतात, फक्त ताटात आम्हीच असतो.

या मारणाऱ्या मंडळींच्या दारावर एक राखणदार जनुक बसवलेला असतो. सांगावा येईपर्यंत तो त्यांना हलू देत नाही. सांगावा आला की उठून बाजूला होतो. स्वभावानं बरा वाटला.

"पण मला का मारायचं?" मी विचारलं.

"बोटं व्हायची म्हणून."

"बोटं तर आहेत की! ती काय, दोन्ही बाजूंना उभी आहेत."

"तुम्ही आहात तोवर ती बोटं नाहीत," तो म्हणाला. "तोवर तो सराटा आहे."

मला हा अपमान फार लागला. 

आता बाहेरच्या घराची ओळख करून देतो, कारण माझ्या जगण्यामरण्यात या माणसांनी फार लक्ष घातलं आहे. भैरवी ब्लाउज शिवते. लग्नसराईत तिच्याकडे नंबर लावायला बायका लांबून येतात. नवरा अपूर्व बँकेत आहे. उलट्या सुरू झाल्यापासून भैरवी माहेरी, वडिलांकडे येऊन राहिली आहे, शिलाई मशीनसकट. वडील गिरिधरराव कोराडीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. भैरवीची आई ती लहान असतानाच गेली. तेव्हा गिरिधररावांची थोरली बहीण यमुताई घर सांभाळायला आल्या, आणि तेव्हापासून सगळं घर त्यांना सांभाळून असतं.

गिरिधररावांच्या डाव्या पायाची दोन बोटं जन्मापासून जुळलेली आहेत. तीच दोन, ज्यांच्यामध्ये मी बसलोय. म्हणजे त्यांच्या पायात माझाच एक भाऊबंद आहे. मरायचा सांगावा त्यालाही आला असणार. त्यानं कानाडोळा केला आणि थेट पेन्शनपर्यंत पोचला.

कोराडीच्या कॉलनीत असताना गिरिधरराव एकदा एका नव्या पिठाच्या गिरणीत दळण घेऊन सगळ्यांच्या आधी शिरले. गिरणी धो धो चालली. मालकानं त्यांच्या पायाकडे पाहिलं, जुळलेली बोटं दिसली, आणि झालं! पायगुण, पायगुण म्हणून कॉलनीभर बोभाटा झाला. तेव्हापासून कोणाचं काही नवं असलं की पहिलं पाऊल गिरिधररावांचं. दुकान, घर, क्लास, दवाखाना. कोणी फ्रीज आणला तर दार उघडून आधी यांचा डावा पाय आत ठेवायचे आणि मग दूध. एका बाईनं तर नव्या सुनेच्या आधी यांनाच उंबरठा ओलांडायला लावला. तांदळाचं माप लवंडलं ते यांच्या पायानं. सून बाहेर उभी राहून बघत होती.

गिरिधरराव याचे पैसे घेत नसत, नुसता नारळ घेत. घरात नारळ इतके साचले की यमुताई वांग्याच्या भाजीत, वरणात आणि एकदा चहातसुद्धा खोबरं घालून मोकळ्या झाल्या.

भैरवीची बोटं मात्र सुटी निघाली. जगात सगळ्यांची असतात तशी. पण या घरात तेच व्यंग ठरलं. तिच्या बारशाला आलेल्या बायकांनी आधी पाळण्यात हात घालून पाय चाचपला आणि मग "असू दे" म्हणून कुंची चढवली. ते "असू दे" भैरवी पुढे आयुष्यभर ऐकत राहिली.

आणि आता तिला दिवस गेले आहेत. हा जुळल्या बोटांचा गुण एखादी पिढी गाळून पुढच्या पिढीत उगवतो, असं यमुताईंचं म्हणणं. इतर कशात नसेल, पण यात त्या बरोबर आहेत. गिरिधररावांचा तो वाकडा जनुक भैरवीत येऊन नुसता झोपला होता. आता तो माझ्यात आलाय आणि एका डोळ्यानं जागा आहे. सांगावा आला की हा मध्येच तोंड घालतो, शब्द अर्धेमुर्धेच आत जाऊ देतो. त्यामुळे माझे शेजारचे तीन पडदे मरणार हे नक्की असलं, तरी माझं काठावर आहे. मी राहीन किंवा जाईन. काय ते याच दिवसांत ठरणार.

यमुताईंनी हे दैवावर सोडलं नाही. ग्रहणात गरोदर बाईनं काही कापू-चिरू नये, नाहीतर बाळाचे ओठ-कान कापलेले येतात, असं त्या ऐकत आलेल्या. त्यावरून त्यांनी सरळ हिशेब मांडला. कापल्यानं बाळ कापलेलं येत असेल, तर न कापल्यानं जुळलेलं येईल! तेव्हा बोटं जुळायचा काळ संपेपर्यंत या घरात रोजच ग्रहण.

"भैरवे, आजपासून कात्रीले हात नाई लावायचा," त्यांनी सांगितलं.

"अवं आत्या, मी ब्लाउज शिवते! कात्रीले हात नाई लावू तर काय दातानं कापू?"

"दातानं बी नाई. कापायचंच नाई म्हणून राहिली ना मी."

मग एकेक कलम वाढत गेलं. भाजी चिरायची नाही. भेंडी, वांगी, कांदा, सगळं सबंध शिजू लागलं. संत्रं सोलायचं नाही. केसांत भांग पाडायचा नाही. पोळीचा तुकडा मोडायचा नाही, गुंडाळी करून घास घ्यायचा. अपूर्व संध्याकाळी बँकेतून भेटायला येई, तर चहाबरोबर एकमेकांना चिकटलेली दोन बिस्किटं त्यानं वेगळी केली म्हणून त्याला चहा अर्धा टाकून उठवलं. जुळी केळी शोधून आणून भैरवीला खायला घातली.

"यमे, जुळ्या केळ्यानं जुळे होतात म्हणतात," गिरिधररावांनी भीत भीत सांगितलं.

"होऊ दे ना गा. दोन पावलं जास्तीची येतील घरात."

मी आत बसून हे सगळं ऐकत होतो आणि खोटं कशाला सांगू, मला गुदगुल्या होत होत्या. ज्याला जन्मतःच मरणाची तारीख लागली आहे, त्याच्यासाठी कोणीतरी सबंध कांदा गिळतंय! आत सगळे माझ्या जाण्याची वाट बघत होते आणि बाहेर एक म्हातारी मला धरून ठेवायला निघाली होती. मला ती फार आवडली.

त्यातच एक दिवस सीताबर्डीचा कूलरवाला आला. गिरिधररावांच्या पायगुणाचा सगळ्यात मोठा दाखला म्हणजे हे दुकान. म्हाताऱ्या मालकानं एका खोलीत सुरू केलं होतं, आज चार मजले आहेत. म्हातारा वारला, आता मुलगा बसतो. त्या दुकानाच्या उद्‌घाटनाला गिरिधरराव अंगात फणफणता ताप असताना गेले होते, अशी आख्यायिका आहे. त्यांना स्वतःला त्यातलं काहीच आठवत नाही, इतका ताप होता. घरी येणाऱ्या सगळ्यांना ते हे कौतुकानं सांगतात.

"काकाजी, पुढच्या अक्षय तृतीयेले नवीन शोरूम काढून राहिलो," तो म्हणाला. "तुमच्या घरचंच पाऊल पाहिजे. पण तुमचे गुडघे आता चालत नाई. म्हटलं, नातवाचं बुक करून ठेवतो."

"अजून व्हायचं आहे ते," गिरिधरराव म्हणाले.

"म्हणूनच तर लवकर आलो. मागून गर्दी होईन."

यमुताईंनी हो म्हणून टाकलं. कूलरवाल्यानं भैरवीच्या पोटासमोर नारळ ठेवला आणि वाकून नमस्कार केला. भैरवी उठून मोरीत गेली आणि तिला भडभडून उलटी झाली. सगळ्यांना वाटलं, दिवसच तसे आहेत. मी आत होतो. ती बराच वेळ नळ सोडून रडत होती, हे मला माहीत आहे.

इकडे आमच्यात जायची रीघ लागली होती. हातांचे पडदे आधीच गेले. मग शेपूट गेलं. हो, शेपूट, तुम्हालाही होतं. सभ्य गृहस्थ. सांगावा येताच "निघतो" म्हणालं आणि आकसत गेलं. खाली नळ्यांचे दोन संच आलेले असतात, एक मुलीसाठी, एक मुलासाठी. त्यातला एक ठेवून दुसरा विरघळवायचा असतो. या बाळात कोणता राहणार ते मला कळलं आहे, पण सांगणार नाही. कायद्यानं गुन्हा आहे. मग उजव्या पायाचे चारही पडदे गेले. डाव्या पायातले माझे तिघं शेजारीही गेले. शेवटचा, करंगळीजवळचा, जाता जाता म्हणाला, "तू ये मागून."

मी म्हणालो, "बघतो."

आणि मग माझा सांगावा आला. दोन्ही बाजूंच्या बोटांकडून एकदमच आला. राखणदार उठला, धोतर झटकलं. कात्र्या हलायला लागल्या. तेवढ्यात आमच्या त्या वाकड्या जनुकानं तोंड घातलं, मी संधी साधली आणि ओरडलो, "थांबा! मला बाहेरून बोलावणं आहे! अक्षय तृतीयेचं बुकिंग आहे माझं!"

राखणदार गोंधळला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यानं असं कधी ऐकलं नसावं. तो अर्धा उठलेला तसाच राहिला. मी दोन्ही बोटांना घट्ट धरून बसलो. मला जगायचं होतं हो. मला वहाण घालून बघायची होती. रस्त्यावरचं ऊन, सोलापुरी चादर, नदीकाठची वाळू, जे काय पायांना मिळतं ते मला हवं होतं.

अशा अडलेल्या अवस्थेत मी असताना बाहेर सोनिका आली. ही भैरवीची गिऱ्हाईक. चार दिवसांवर लग्न, आणि शालूवरच्या ब्लाउजचं कापड भैरवीकडे जसंच्या तसं पडलेलं. यमुताईंनी आधीच तोडगा सांगितला होता, न कापता शिवून दे. भैरवीनं बिचारीनं तसंही करून पाहिलं होतं. कापड दुमडलं, चुण्या घातल्या, टाके घातले. सोनिका तो अंगावरच्या ब्लाउजवरूनच घालून आरशासमोर उभी राहिली. गळा नाही, खांद्याशी मुंढा नाही, हात बाहेर काढायला वाट नाही. उशीला अभ्रा घालावा तशी ती दिसत होती.

"ताई, मी माळ कशी घालू नवरदेवाले?" एवढंच म्हणाली आणि अभ्र्याच्या आतच रडायला लागली.

भैरवीनं तो तिच्या अंगातून काढला, टाके उसवले, कापड टेबलावर पसरलं आणि कपाटावर लपवलेली कात्री काढली.

यमुताई धावत आल्या. "भैरवे! ठेव ते! कापशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील!"

"आत्या, कापल्याबिगर बाही कशी निघंल? गळा कसा निघंल? तूच सांग."

"अन् लेकराचं पाऊल?"

"त्या लेकराले पाऊल आहे ना! दोन आहेत! तुले अजून कोणतं पाहिजे?"

आवाज ऐकून गिरिधरराव आले. हातात नारळ होता, कोणी तरी नुकताच देऊन गेलेला. भैरवीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"सांगू का बाबांले?"

 मी इतके दिवस यमुताईंचा आवाज ऐकतोय, पण त्यांची शांतता पहिल्यांदाच ऐकली.

"बाबा," भैरवी म्हणाली, "त्या कूलरवाल्याच्या दुकानात तुमचा पाय नव्हता पडला. माझा पडला होता."

गिरिधरराव हसले. "मी गेलो होतो ना वं. तापात."

"तुम्ही खाटेवर पडून होते. डोळे बी उघडत नव्हते. त्यांचा माणूस दारात उभा. आत्यानं माझी दोन बोटं चिकटपट्टीनं बांधली, वरून हळदकुंकू फासलं अन् मले सायकल रिक्षात घालून नेलं. तिथे सांगितलं, गिरिधरच्या पोरीचं बी पाऊल तसंच आहे. म्हातारा माझ्या पाया पडला तिथे. मी तिसरीत होती. तुम्हाले मागून सांगितलं, का तुम्हीच गेले होते."

गिरिधररावांनी बहिणीकडे पाहिलं. बहीण भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होती.

"मग..." गिरिधररावांनी विचारलं. "मग दुकान चाललं कसं?"

"कूलर चांगले होते बाबा. अन् नागपूरचं ऊन होतं."

सोनिकाला हसू आलं. पदर तोंडाला लावून ती खिडकीकडे वळली.

"घरी आल्यावर आत्यानं पट्टी ओढून काढली," भैरवी सांगत होती. "सालटं निघालं. मी रडली. हिले वाटलं दुखून राहिलं म्हणून रडते. मले दुखत नव्हतं. मले ती पट्टी काढायचीच नव्हती. तेवढा एकच दिवस मी या घरची होती, बाबा. तुमच्यासारखी. दुसऱ्या दिवशी परत 'असू दे'. माझ्या लेकराले मले असं नाई करायचं. बोटं जुळली तरी देव नाई, सुटली तरी 'असू दे' नाई. तुम्ही कबूल व्हा, नाहीतर मी आजच चालली अपूर्वकडे."

गिरिधरराव खाली बसले. खुर्ची होती, पण जमिनीवरच बसले. नारळ गडगडत मशीनखाली गेला. त्यांनी आपल्या डाव्या पायाची ती दोन बोटं हातात धरली.

"तुले एक सांगू का," ते म्हणाले. "मले या पायाचं लय भेव लागते. दुकान चाललं तर लोक पेढे आणतात. नाई चाललं तर काही नाई म्हणत, फक्त रस्त्यात भेटले का खाली पाहतात, माझ्या पायाकडे. एकाची गिरणी बुडाली, तर मी त्या गल्लीतून जाणं सोडलं. अर्ध्या नागपुरातून मी जात नाई आता. यमीले वाटते माझे गुडघे गेले. गुडघ्याले काही नाई झालं, वं. मीच बाहेर निघत नाई."

त्यांनी बोटं सोडली.

"लेकराले नको हे," ते म्हणाले. "सुटं होऊ दे त्याले."

मग ते टेबलाला धरून उठले आणि त्यांनी कापडाचं एक टोक धरलं. "काप. मी धरतो."

"मी काही इथे उभी राहणार नाई," यमुताई म्हणाल्या आणि तरातरा आत गेल्या. दोन पावलांत परत आल्या, कारण भावाच्या हातून कापड तिरकं जात होतं. "नीट धर ना गा! शालूवरचं आहे ते!" म्हणून त्यांनी दुसरं टोक धरलं. तोंड मात्र भिंतीकडे.

आणि कात्री चालली. कापडातून जाणारा तो कर्र कर्र आवाज टेबलातून भैरवीच्या पोटाला लागत होता आणि तिथून माझ्यापर्यंत येत होता. आधी मुंढा निघाला. मग बाही निघाली. मग गळा. खाली पडणाऱ्या चिंध्यांकडे कोणी बघितलं नाही. सोनिका डोळे पुसून म्हणाली, "ताई, मागून थोडा मोठा घ्या ना गळा."

मी ती चिंधी आहे, हे मला तेव्हा कळलं. पण गंमत म्हणजे मला राग आला नाही. मला भैरवीची तिसरीतली बोटं आठवली. मी ती कधी पाहिलेली नाहीत, तरी आठवली. मी राहिलो तर या घरात बाळ जन्माला येणार नाही, पाऊल जन्माला येईल. लोक त्याच्या तोंडाकडे बघायच्या आधी वाकून पाय बघतील. त्याला रांगता येण्याआधी शोरूमला नेतील. ते धावलं तर ओरडतील, आणि मोठं झालं की तेही एकेक गल्ली सोडत जाईल. कशासाठी, तर मला वहाण घालून बघायची होती म्हणून.

राखणदार अजून अर्धा उठलेलाच होता. त्याचीही कंबर भरून आली असणार. मी म्हणालो, "बाजूला व्हा काका."

त्यानं विचारलं, "बोलावणं होतं ना?"

"रद्द झालं," मी म्हणालो.

वाकडा जनुक मध्ये बोलायला आला, तर मीच त्याला गप्प केलं. आता कात्र्या चालू आहेत. दुखत नाही. मी काठाकडून आकसत आलोय. माझ्या बऱ्याचशा पुड्या बांधून झाल्या आहेत आणि शेजारी जेवायला बसले आहेत. मधलं बोट अंगठ्याजवळच्या बोटाला विचारत होतं, पडदा कसा लागतोय. ते म्हणालं, बरा आहे. मला बरं वाटलं.

भीती वाटतेय का म्हणाल, तर हो, वाटतेय. मला कोणी नाव ठेवलं नाही, माझा फोटो नाही, भैरवीला मी होतो की नव्हतो हेही नक्की कळणार नाही. ती आत्ता मशीन चालवतेय आणि तिच्या पायडलच्या ठेक्यात तिचं पोट हलतंय. यमुताई सोनिकाला खोबऱ्याची वडी खा म्हणून आग्रह करतायत. गिरिधरराव कितीतरी दिवसांनी चप्पल घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो म्हणतायत.

बाळ थंडीत येईल. सगळे येतील, वाकतील, बोटं मोजतील, नाक कोणावर गेलं त्यावर भांडतील. यमुताई तर पाय बघणारच, त्यांना कोण अडवणार? बघू द्या. रागावू नका त्यांच्यावर. फक्त भैरवी, तुला एक मागणं आहे. सगळे गेल्यावर, पायमोजे चढवायच्या आधी, डाव्या पायाचं अंगठ्याजवळचं बोट आणि मधलं बोट जरासं फाकव आणि मधल्या जागेत हळूच फुंकर घाल. बाळ पाय आखडून घेईल. तिथे मी होतो.